सहावी वीट

हसायला नको होतं. वर्ग हसला तो हसला, वर्गाचं काय एवढं, सरांना शिंक आली तरी वर्ग हसतो. पण प्रगती हसली, आणि तीही बाकीच्यांच्या अर्धा क्षण आधी, आणि तो अर्धा क्षण माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकून बसला. झालं होतं एवढंच की जव्हारच्या कॉलेजात, तिसऱ्या वर्षाच्या मराठीच्या तासाला, करंबेळकर सर सुनीत शिकवत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कवीचं, अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेलं प्रेमाचं सुनीत. चौदा ओळी, आठांचं अष्टक, सहांचं षटक. अष्टकात एक पुरुष आपल्या सखीला दोघांच्या संसाराच्या गोष्टी सांगतो. एका वाकळीत काढलेली थंडी, तिनं ठिगळ लावलेला त्याचा सदरा, मोडून अर्धी अर्धी खाल्लेली भाकरी. मग आठवी ओळ येते,

भिंतींना या धुर चिकटला दोन वेळा चुलीचा

आणि नवव्या ओळीला कविता एकदम मान वळवते:

लग्नाचा तो दिवस अजुनी दूर आहे, सखे गे

सरांनी खडू खाली ठेवला आणि बोटांची पांढरी पूड झटकली. ‘ही कलाटणी,’ ते म्हणाले. ‘इथे स्वप्न मोडतं. आधीच्या आठ ओळी म्हणजे निव्वळ मनोराज्य होतं हे इथे उमगतं. कारण विचार करा, लग्नाआधी संसार कोण करतं? आणि करणारे असलेच कुठे, तर त्यांच्यावर कुणी सुनीत लिहीत नाही.’ तेव्हा वर्ग हसला. तेव्हा प्रगती हसली, सर्वांत आधी, चांगले दात दिसतील अशी.

तिच्या आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं. होळीनंतरच्या शुक्रवारी व्हायचं होतं.

आता यात जामसरात, तिच्या गावात, कुणाच्या भुवईचा केस हलला नसता. तिथे निम्म्या घरांची हीच कथा. पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून ताडी घेतली, की पोरगी नांदायला येते, चूल पेटते, झाला संसार. लग्न म्हणजे गावाला जेवण, मांडव, गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान. ते कणगीत भात असेल आणि हाताला उसंत असेल तेव्हा. कुणाचं दोन वर्षांनी होतं, कुणाचं दहा. नियम एकच, पण तो पक्का: आईबापाला हळद लागल्याशिवाय लेकराला लागत नाही. प्रगतीची आई जानी सुकऱ्याच्या घरात आली त्याला तेवीस वर्षं झाली होती. करण झाला, प्रगती झाली, मग एक पोर झालं ते गेलं. जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे भात दुसऱ्याचा लावायचा, कापायचा, आणि दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं ते होळीलाच परतायचं. या धबडग्यात मांडव घालायला कुणाला सवड होती? आता करणनं खोडाळ्याच्या लाडकीला पसंत केलं, तिचा बाप म्हणाला की माझ्या पोरीचं रीतसर लावा, आणि मग जामसरच्या म्हाताऱ्यांनी सुकऱ्याला गाठलं. बाबा, आधी तुझं. तेव्हा एकाच मांडवात सकाळी बापाचं आणि दुपारी लेकाचं, असा बेत ठरला. सगळं कसं सरळ होतं. वाकडं होतं ते फक्त प्रगतीच्या पोटात.

ते वाकडंपण कुठून आलं तेही तिला ठाऊक होतं. बारा वर्षांची होती, आश्रमशाळेत एक फॉर्म भरायचा होता. ‘आईचं लग्नानंतरचं नाव?’ मास्तरांनी न बघता विचारलं. ‘अजून झालं नाय,’ ती म्हणाली, जसं ‘अजून जेवण झालं नाय’ म्हणावं तसं. मास्तरांनी मान वर केली, शेजारच्या मास्तरांकडे पाहिलं, आणि ते दोघं जे हसले! वाईट हसले नाहीत, म्हणजे तसा त्यांचा जीव चांगला होता, पोरांना गूळ वगैरे वाटायचे. पण हसता हसता एकानं डोळे पुसले. त्या दिवशी प्रगती दोन गोष्टी शिकली. एक, आपल्या घरात असं काहीतरी आहे ज्याला लोक हसतात. दोन, कुणी हसायच्या आत आपण हसलं की कुणी आपल्याकडे बघत नाही. दुसरी गोष्ट तिनं इतकी घोटली की पुढे जव्हारला मुलींच्या वसतिगृहात आली तेव्हा तिच्या बोलण्यातला ‘हाय’ जाऊन ‘आहे’ आला होता, ‘नाय’चं ‘नाही’ झालं होतं, आणि आता या शुक्रवारच्या सुट्टीच्या अर्जात तिनं झोकात लिहिलं होतं: ‘काकांचे लग्न असल्याने.’ तिला काकाच नव्हता.

पण सुनीत काही डोक्यातून जाईना. त्यात करंबेळकर सरांचा दोष म्हणावा तर तेवढाच होता की ते फार चांगले शिकवायचे. नाशिकहून बदली होऊन आलेला माणूस, जव्हारच्या पावसाला शिव्या देत देत इथेच म्हातारा होत आलेला. पण कविता म्हणायला लागला की बाकावरची पोरं पाय हलवायची थांबत. वृत्त म्हणजे काय हे प्रगतीला त्यांनीच दिलं. लघु म्हणजे आखूड अक्षर, गुरू म्हणजे लांब, आणि यती म्हणजे ओळीच्या पोटातली श्वास घ्यायची जागा. स्वतःची पुस्तकं कागदात गुंडाळून द्यायचे आणि परत मागायचं विसरायचे. अशा माणसासमोर आपण हसलो, त्याच्या वाक्याला, स्वतःच्या आईला. तिला स्वतःचा संताप आला, मग सरांचा आला, मग कवीचा आला, आणि कवी बापडा मरून गेलेला असल्यामुळे त्याच्यावर राग काढणं सोपं गेलं. दर वर्षी कॉलेजात निबंधवाचन होई, त्यासाठी तिनं हेच सुनीत घेतलं. बघू तर खरं, म्हणाली, तुझं स्वप्न कुठे मोडतं ते.

वृत्त मंदाक्रांता. सतरा अक्षरं. चार गुरू, मग यती. पाच लघु आणि एक गुरू, पुन्हा यती. मग सात अक्षरं झुलत झुलत, गा ल गा गा ल गा गा. सर सांगायचे, मंदाक्रांता म्हणजे मंद पावलांनी चालणारी, विरहाचं वृत्त, दुरावलेल्या माणसाचे सुस्कारे यात पूर्वापार घातले गेले आहेत. म्हणून हे सुनीत विरहाचं, म्हणून अष्टक हे स्वप्न. प्रगतीनं लायब्ररीतल्या लांब टेबलाशी बसून ओळ न्‌ ओळ फोडली. प्रत्येक अक्षरावर खूण केली. बोटानं टेबलावर ठोके द्यायला लागली, लग्‌ ना चा तो, आणि थांबली. दिवस अजुनी, आणि थांबली. दूर आहे सखे गे. पुन्हा ठोकली. हा ठोका आपण ऐकलाय असं तिला वाटलं. ऐकलाय नव्हे, पाहिलाय. कवितेत नाही. उन्हात, धुळीत, कोरड्या मातीच्या वासात, आणि आपण जमिनीवर बसलेलो, आणि आपल्या गुडघ्याला खरूज. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

भिवंडीकडची भट्टी. ती सहासात वर्षांची, शाळेचं अजून नाव नाही. भट्टी रचायचं काम चालू. बा वर उभा, कच्च्या विटांचे थर लावतोय. आई खालून डोक्यावर सहा विटा घेऊन फळीवरून वर चढते. फळी अरुंद, मधे वाकणारी. त्यामुळे पाऊल कसं टाकायचं ते आईनं ठरवून टाकलेलं असायचं: चार पावलं, जड, पुरी. मग थांबा. मग बा खाली वाकायचा आणि आई डोक्यावरून एकेक वीट उतरवून द्यायची, झपझप, एक दोन तीन चार पाच, आणि सहावी. सहाव्या विटेला काय व्हायचं कोण जाणे. विटेचं एक टोक आईच्या हातात आणि दुसरं बाच्या हातात, आणि दोघंही ती लगेच सोडायची नाहीत. बघायची पण नाहीत एकमेकांकडे फारशी. नुसता श्वास घ्यायची. दिवसाला शेकडो खेपा, आणि दर खेपेला सहावी वीट अशी लांबायची, मुकादम खालून ओरडेपर्यंत. मग मोकळ्या डोक्यानं आई फळीवरून खाली यायची ती झुलत, एक लांब एक आखूड, कधी दोन लांब, फळी जशी हलेल तशी. खाली आली की प्रगतीच्या डोक्यावर टपली मारायची आणि पुन्हा चार पावलं. प्रगती मोजायची. मोजण्यापलीकडे तिला तिथे दुसरं काय काम होतं? मोजता मोजता ती अंक शिकली, आणि आज कळत होतं की अंकांच्या आधी मंदाक्रांता शिकली होती.

लायब्ररीत बसल्या बसल्या तिला रडू आलं, आणि रडू येताच राग आला, कारण रडायचं काय त्यात? लोक म्हणतात मंद पावलं दुःखानं पडतात. पडत असतील कुणाची, ज्यांना रिकामं चालता येतं त्यांची. तिनं पाहिलेली मंद पावलं ओझ्यानं पडत होती. चार गुरू म्हणजे सुस्कारे नव्हेत, चढ आहे. पाच लघु म्हणजे काम. आणि तो एकटा गुरू, यतीच्या तोंडाशी उभा असलेला, तिथे प्रेम आहे; तेवढंच आहे, पण दर ओळीला आहे, चौदाच्या चौदा वेळा. हा माणूस विरहात नाही. हा दमलाय. याच्या शेजारी याची बाई आहे, तीही दमलीय, भिंतीला खरोखरचा धूर लागलाय, आणि लग्नाचं तेवढं राहिलंय. स्वप्नबिप्न काही मोडत नाही. नववी ओळ कलाटणी आहे खरी, पण ती स्वप्नातून जागं होण्याची नव्हे. घरातल्या घरात एक विषय संपून दुसरा निघतो तशी. आणि शेवटची ओळ! ती शेवटची ओळ सर आवाज कापरा करून म्हणायचे, कवीनं आपलं दुःख हसण्याखाली झाकलंय म्हणायचे:

येईना का सवड मिळता, काय घाई तयाची

प्रगतीनं ती वाचली आणि तिला कवीचा आवाज ऐकूच आला नाही. सुकऱ्याचा आला. कुणीही विचारलं, सुकऱ्या लगीन कवा, की तो विडी कानामागे खोचत म्हणायचा, ‘व्हईल. काय घाई हाय?’ त्यात झाकलेलं काही नसायचं. त्याला खरंच घाई नव्हती. त्याच्या हातात वीट होती आणि विटेचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते त्याला माहीत होतं.

बारा पानांचा निबंध झाला. अकरा पानांत वृत्त, यती, यमकांची बांधणी, अष्टक-षटकाचा तोल. बाराव्यावर फळी आणि सहा विटा, आणि स्वप्न नाही हे विधान. सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. ‘अकरा पानं,’ ते म्हणाले, आणि चष्मा काढला, ‘अकरा पानं मी तुझ्या वयात लिहू शकलो नसतो.’ प्रगतीचे कान गरम झाले. ‘पण बारावं काढ. काढ म्हणजे, बदल. वीटभट्टी कसली आणतेस वृत्तशास्त्रात? त्याला आधार काय? आधाराशिवाय विधान करायचं नाही हे तुला मी पहिल्या वर्षापासून सांगतोय. आणि तू म्हणतेस स्वप्न नाही, म्हणजे ते दोघं लग्नाशिवाय... कवी मोठा माणूस होता गं. त्याच्यावर असला आरोप करू नये.’ आरोप हा शब्द त्यांनी अगदी हळू, काळजीनं उच्चारला. मग सांगितलं की ठाण्याच्या एक मोठ्या बाई परीक्षक म्हणून येणार आहेत, त्यांच्या हाताखाली एम.ए. करायला मिळालं तर शिष्यवृत्तीचं त्या बघतील, जव्हारातून आजवर एकही मुलगी तिथवर गेलेली नाही. ‘तुझ्या भल्याचं सांगतोय, प्रगती.’ खरंच भल्याचं सांगत होते, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. ‘हो सर,’ ती म्हणाली, आणि संध्याकाळी बसून तिनं बारावं पान दुसरं लिहिलं, विरहाचं, स्वप्नाचं, सुरेख अक्षरात. लिहायला दहा मिनिटं लागली. खोटं लिहायला फार वेळ लागत नाही, सगळे शब्द तयार असतात. जुनं पान मात्र तिनं फाडलं नाही, मागे ठेवून दिलं.

होळीला ती जामसरला गेली. भट्टीवरून सगळे परतले होते. आईचे हात मनगटापर्यंत तांबडे, मातीचा रंग कातडीत मुरलेला, तो आता पावसाळ्यापर्यंत जायचा नाही. अंगणात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. करण गंभीर चेहऱ्यानं खड्डे मोजत होता, आणि सुकऱ्या सर्वांना सांगत होता की या पोराला घाई फार. जानी कूड सारवत होती. सारवता सारवता, पाठमोरीच, म्हणाली, ‘तुझ्या कालेजातल्या पोरी येतील का गं?’

‘नाय आये. परीक्षा हाय त्यांची.’

‘सगळ्यांची?’

‘सगळ्यांची.’

‘बरं,’ जानी म्हणाली, आणि शेणाचा हात कुडावरून सरळ फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘ती तुझी दोस्तीण, मनियाराची आसमा, ती तरी. मी तिच्या बापाला वळखतां.’ प्रगतीनं ऐकलं नाही असं दाखवलं. तेवीस वर्षं थांबून बाईनं एक मागितलं होतं, आणि तेही ‘तरी’ म्हणून. प्रगतीला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जामसरची भुई खडकाळ आहे, ती असल्या कामाला येत नाही.

जव्हारला परतल्यावर ती बांगड्या घ्यायला गेली. बाजारपेठेत कुतुबुद्दीन मनियारांचं दुकान, पुढे काचेच्या पेट्या, मागे पडदा, आणि आसमा कॉलेज सुटल्यावर हिशेबाला नाही तर बापाशी हुज्जत घालायला बसलेली असायची. ती आणि प्रगती एका बाकावरच्या. ‘हिरव्या द्या चाचा, लग्नाच्या,’ प्रगती म्हणाली. ‘काकांचं लग्न आहे. काकूसाठी.’

‘माप?’

प्रगतीनं विचार केला नव्हता. ‘आईच्या मापाच्या द्या,’ ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता जीभ चावली.

कुतुबुद्दीनचाचांनी पेटीवरचा हात काढला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि दाढीतून त्यांचं हसू हळूहळू बाहेर आलं. ‘जानीचं लगन ठरलं? सुभानल्ला! अगं बीस साल, जास्तीच, ती माझ्याकडून बांगडी भरते. दर होळीला येते. लाल घेते, निळी घेते, जांभळी घेते. मी दर दफा म्हणतो, जानीबाई, हिरवी घे, नवीन माल आहे. तर म्हणते, नको भाईजान, हिरवी लगनाला. ठेवून द्या माझ्या नावाची.’ ते उठले, फळीवरच्या पेट्या सरकवायला लागले. ‘माझ्या बापाला पण म्हणायची, तो होता तवा. आम्ही दोघं विचारायचो, कवा गं? ती म्हणायची, सवड झाली का सांगतां.’

प्रगतीला पेटीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो बघण्यासारखा नव्हता. म्हणजे आई भर बाजारात, उजळ माथ्यानं, दर वर्षी सांगत होती. लाल बांगड्या घालून सांगत होती. या गावात लपवत होती ती एकटी प्रगती, आणि ज्यांच्यापासून लपवत होती त्यांतल्या निम्म्यांना मनगटाच्या मापासकट माहीत होतं. तिनं आसमाकडे पाहिलं. आसमाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागासारखं काहीतरी होतं.

‘मग त्या दिवशी तू हसलीस का?’ आसमा म्हणाली. ‘सर बोलले तेव्हा?’

प्रगतीनं काचेवरची धूळ बोटानं पुसली.

‘मला हसू नव्हतं आलं,’ आसमा म्हणाली. ‘तुमच्याकडची रीत मला माहीत आहे, अब्बा सांगतात. मी तुझ्याकडे बघितलं. तू हसलीस, म्हणून मी हसले.’

चाचांनी हिरव्या बांगड्यांची जुडी काढली, बोटांवर वाजवून पाहिली, एक पिचकी बाजूला केली, आणि कागदात न गुंडाळता पुन्हा पेटीत ठेवली. ‘लगनाची बांगडी अशी पुडीतून नेत नाहीत. ती भरायची असते. शुक्रवारी सकाळी मी येतो जामसरला. सांग तुझ्या आईला, कुतुबुद्दीन येतो म्हणून.’

बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं की रडू येईल, पण आली ती भूक. कडकडून भूक, भट्टीवर लागायची तशी. तिनं स्टँडवर उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आणि थेट वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे गेली, सुट्टीचा अर्ज परत मागितला, ‘काकांचे’ वर काट मारली आणि ‘आईचे’ लिहिलं. बाईंनी तो दोनदा वाचला.

‘आईचं लग्न? म्हणजे... वडील नाहीत का तुला?’

‘आहेत ना. त्यांच्याशीच आहे.’

बाई पेन हातात धरून बसून राहिल्या. एरवी प्रगतीनं समजावून सांगितलं असतं, ओशाळून, रीत आहे हो आमच्यात, मागासलेली. आज तिला समजावायचा कंटाळा आला. समजावणं हेही एक प्रकारचं आधी हसणंच असतं. ती उभी राहिली, नुसती, चार गुरू आणि यती, आणि बाईंनी सही केली.

मंगळवारी निबंधवाचन. हॉलमध्ये शंभर-सव्वाशे पोरं, पुढच्या रांगेत सर, शेजारी ठाण्याच्या बाई, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या, हातात तिचा निबंध; सरांनी दिलेला, म्हणजे दुसऱ्या बाराव्या पानाचा. प्रगतीच्या हातात मात्र तेरा कागद होते. फळ्यावर तिनं आधीच नववी ओळ लिहून वर खुणा केल्या होत्या. अकरा पानं तिनं वाचली तेव्हा सभागृहात चुळबुळ नव्हती. वृत्तावर पोरं जांभया देतात, पण ती ठोका धरून वाचत होती आणि मागच्या बाकांवर कुणीतरी नकळत बोटं वाजवत होतं. ठाण्याच्या बाई मान डोलावत होत्या. सरांचा चेहरा इतका आनंदी होता की त्याच्याकडे बघवेना. अकरावं पान संपलं. आता हातात दोन बारावी पानं, एकावर एक, आणि दोन्हींवर अक्षर तिचंच. वरच्या पानाच्या टोकाला ठाणं होतं, एम.ए. होतं, जव्हारातून गेलेली पहिली मुलगी होती. खालच्या पानाच्या टोकाला कुणाचा तरी तांबडा हात होता. ती थांबली. यती असावी तेवढीच थांबली, जास्त नाही. वरचं पान काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि खालचं वाचायला घेतलं.

तिनं फळी वाचली, सहा विटा वाचल्या. ‘हे विरहाचं वृत्त नाही, ओझ्याचं आहे,’ वाचलं. सरांचा आनंद चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना तिनं पाहिला आणि तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, पण ती वाचत राहिली. ‘या सुनीतातली दोघं लग्नाशिवाय एकत्र राहतात,’ हे वाक्य आलं आणि मागून खसखस पिकली. ओळखीची खसखस. तिला तिचा सूर पाठ होता. ठाण्याच्या बाई हातातलं पान आणि ऐकू येणारं पान जुळवत होत्या, त्यांनी चष्मा वर केला.

‘माझ्याकडच्या प्रतीत हे नाही,’ त्या म्हणाल्या. आवाज रागावलेला नव्हता, धारदार होता. ‘विधान धाडसी आहे. ठोक्याचं निरीक्षण तर मी कुठे वाचलेलं नाही. पण याला आधार काय? तुमच्या संदर्भसूचीत चार ग्रंथ आहेत, आणि चारही तुमच्या विरुद्ध आहेत.’

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती की, पोरी, चूक झाली म्हण आणि बस. दुसऱ्या रांगेत आसमा ताठ बसली होती, आणि ती हसत नव्हती.

‘पाचवा लिहायचा राहिला, बाई,’ प्रगती म्हणाली. ती फळ्याकडे वळली, ओळीच्या खाली थोडी जागा सोडून तिनं ठळक अक्षरात लिहिलं: ‘५. जानी व सुकऱ्या, मु. जामसर, १९७८ पासून.’ खडू ठेवला आणि सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली. नऊ वर्षं घासूनपुसून काढलेली भाषा तिच्या तोंडातून गेली आणि खालची आली, तिनंच येऊ दिली.

‘माझे आईबाप हायेत. तेवीस वर्सं एका चुलीवर हायेत, आन लगीन शुक्रवारी हाय. सर, तुमी या. बाई, तुमी या. आयनं समद्यांना बोलावलंय, मीच निरोप दिला नव्हता.’ ती मागच्या बाकांकडे बघून म्हणाली, ‘दुपारी पंगत हाय. ज्याला हसायचं हाय, त्यानं जेवून हसा.’